सही एकाची, हात दुसऱ्याचा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सन्माननीय पदाधिकारी
व समस्त घरमालक यांस,

 

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून ज्याची उमेदीची सारी वर्षे खडू आणि पक्कड यांच्या संगतीत गेली, आणि सेवानिवृत्तीनंतरही ज्याच्या ओटीवर जुने विद्यार्थी आपली प्रमाणपत्रे, आपले परवाने आणि आपली गाऱ्हाणी घेऊन येत असतात, अशा माणसाने आपणांस हे पत्र जाहीररीत्या लिहावे, याचे कारण इतकेच की या गाऱ्हाण्यांचा फार मोठा भाग आपणांशी निगडित आहे, आणि तो आपल्या कानी घालण्याची तसदी आजवर कोणी घेतलेली दिसत नाही. सरकारदरबारी अर्ज, निवेदने, दरखास्ती वारंवार जातात. त्यांतील काहींचा निकाल लागतो, काही दप्तरी पडून राहतात. परंतु आपल्या घराच्या भिंतीत तार कोणी ओढली, तिची तपासणी कोणी केली, आणि त्या तपासणीखाली सही कोणाची आहे, या तीन प्रश्नांचा निकाल कोणत्याही सरकारी कचेरीत लागत नसून आपल्या दिवाणखान्यात आणि आपल्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीच्या बैठकीत लागतो. म्हणून हे पत्र आपणांस.

प्रथम कायद्याची स्थिती सांगतो, कारण ती बहुतेकांस ठाऊक नसते. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाखाली जे १९५६ चे भारतीय विद्युत नियम झाले, त्यांतील ४५ व्या नियमाने असे ठरविले, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वीजमांडणीतील कोणतेही नवे काम, वाढ, फेरफार वा दुरुस्ती ही राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमतेचे प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, आणि परवानाधारक कामगाराच्याच हातून झाली पाहिजे. पुढे २००३ चा विद्युत अधिनियम आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०१० ची सुरक्षाविषयक विनियमावली आली, आणि २०२३ मध्ये तिचीही जागा नव्या विनियमावलीने घेतली. परंतु ठेकेदार, पर्यवेक्षक व कामगार या तिघांचा हा सांधा कोणीही मोडला नाही. शिवाय वीज कंपनीची जबाबदारी साधारणतः मीटरपाशी संपते आणि त्यापुढील मांडणी मालकाच्या जिम्मेदारीची असते, हेही सर्व काळ तसेच आहे. म्हणजे आपण या व्यवहारात केवळ गिऱ्हाईक नाही. आपण त्यातले एक जबाबदार पक्षकार आहात.

आता या माणसांजवळ जे कागद असतात, त्यांचा अर्थ काय, हे सविस्तर सांगण्याची परवानगी असावी. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा वा मुलगी दोन वर्षे वीजतंत्री व्यवसाय शिकते. तारतंत्री व्यवसायासही दोन वर्षेच लागतात, मात्र त्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरते. त्याअंती जे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, ते एवढेच सांगते की या व्यक्तीने ओहमचा नियम, तारांचे जोड, मोटारीचे वळण, अर्थिंगचा खड्डा आणि आवरणाचा रोध मोजणाऱ्या मेगरचा वापर हे सारे शिक्षकांच्या नजरेखाली शिकून परीक्षा दिली आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली एखाद्या कारखान्यात वा वीज कंपनीत उमेदवारी केली, तर तिचे प्रमाणपत्र वेगळे. ते सांगते की हे शिक्षण चालत्या यंत्रावर आणि खऱ्या वरिष्ठांच्या धाकात पारखले गेले आहे. मग येतो तारतंत्र्याचा शासकीय परवाना, जो शिक्षणाबद्दल नव्हे तर भरवशाबद्दल बोलतो: या माणसाच्या हाती दुसऱ्याच्या घरची वीज देण्यास शासनाची हरकत नाही. त्याच्या वर पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र, जे पदविका वा पदवी आणि ठरावीक अनुभव असलेल्यांस, किंवा त्यासाठीच्या परीक्षेस उतरलेल्यांस मिळते. आणि सर्वांत वर ठेकेदाराचा परवाना, ज्याच्या धारकाने आपल्या नावाने कामाची अखेरची जबाबदारी पत्करलेली असते.

हे पाच कागद मोठेपणाच्या उतरंडीचे नव्हेत. उत्तम ठेकेदार वाईट तारतंत्री असू शकतो, आणि पदवीधर अभियंत्याला स्वतःच्या घरातला टू-वे स्विच जोडता येईलच असे नाही. त्यात कमीपणाही नाही. प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे: शिकला काय, पारखला गेला का, विश्वासास पात्र आहे का, दुसऱ्याच्या कामावर देखरेख करू शकतो का, आणि चुकल्यास जाब कोणाला विचारायचा. यांतील एकाचे उत्तर घेऊन दुसऱ्याचे काम भागत नाही. आपण मात्र या सर्वांना सरसकट ‘वायरमन’ म्हणून संबोधतो, आणि ज्याच्या खिशात टेस्टर दिसेल त्याला घरात घेतो.

यात दोष सर्वस्वी आपलाच आहे असे मी म्हणणार नाही, कारण कायद्यानेही येथे एक मोठी फट ठेवली आहे. वास्तुशिल्पींच्या बाबतीत १९७२ चा अधिनियम आहे. त्याच्या ३७ व्या कलमान्वये नोंदणी नसलेल्या माणसाने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावणे निषिद्ध आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे स्पष्ट केले, की ते कलम उपाधीचे रक्षण करते, कामाचे नव्हे. वीजकामाची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. येथे काम निर्बंधित आहे, परंतु उपाधी मोकाट आहे: चौकातल्या कोणत्याही गाळ्यावर कोणीही ‘इलेक्ट्रिशियन’ अशी पाटी रंगवून घ्यावी, त्याला अडविणारा नियम नाही. परिणामी ज्याने चार वर्षे खर्चून परवाना मिळविला आणि ज्याने चार महिने कोणाच्या तरी मागे शिडी धरली, ते दोघेही पाटीवर सारखेच दिसतात. आणि दोघांतील फरक ओळखण्याची जबाबदारी, इच्छा असो वा नसो, आपल्यावर येऊन पडते.

ती जबाबदारी आपण कशी पार पाडतो, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत क्लेशकारक उदाहरण म्हणजे टेस्ट रिपोर्ट. नवे मीटर हवे असल्यास वा भार वाढवून घ्यावयाचा असल्यास वीज कंपनीस परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. नियम असा, की प्रत्येक जिवंत तार आणि जमीन यांच्या दरम्यान ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावून आवरणाचा रोध मोजावा आणि तो निदान १ मेगओहम भरावा; त्याखेरीज अर्थिंगचा रोध मोजावा, फेज-न्यूट्रल अदलाबदल झाली नाही ना हे पाहावे, स्विच फेजवरच आहे ना याची खातरजमा करावी. हे काम नीट केले तर एका घराला चांगला तासभर लागतो. प्रत्यक्षात काय होते, हे आपणही जाणता. ‘टेस्ट रिपोर्ट पाहिजे’ असा निरोप जातो, ठरलेली रक्कम पोहोचते, आणि सही-शिक्क्याचा कागद संध्याकाळपर्यंत हाती येतो. एकाच इमारतीतील सदनिकांचे असे अहवाल मी एकापुढे एक ठेवून पाहिले आहेत. पहिल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत आवरणाच्या रोधाचा आकडा एकच, अर्थिंगचा आकडा एकच, आणि अक्षरही एकच. ज्या यंत्राने ते आकडे मोजावयाचे, ते यंत्र त्या इमारतीची पायरी कधी चढलेलेच नव्हते.

ठेकेदाराची ही कसूर अक्षम्य आहे, याबद्दल माझे दुमत नाही; परंतु सही विकली जाते ती तिला गिऱ्हाईक असते म्हणूनच, हेही विसरून चालणार नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. पदविका करून, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र मिळवून त्याने स्वतंत्र व्यवसाय मांडला. एका गृहनिर्माण संस्थेने जिन्यातील व मीटररूममधील जुनी वायरिंग बदलून घेतली होती, तीही कोणा ओळखीच्या माणसाकडून, आणि आता केवळ अहवालापुरते याला बोलाविले. त्याने मेगर लावण्याचा आग्रह धरला. मीटररूममध्ये पाहतो तो मुख्य बोर्डातून वर जाणाऱ्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारांवर ३२ अँपिअरचे एमसीबी बसविलेले. म्हणजे तार तापून तिचे आवरण वितळू लागले तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागू नये, अशी रचना. त्याने सही नाकारली आणि काय बदलावे लागेल त्याचा लेखी तपशील दिला. समितीचे उत्तर असे आले, की आम्हांस सल्ला नको होता, सही हवी होती. दुसऱ्याच दिवशी ती सही दुसरीकडून मिळाली. त्यानंतर त्या परिसरातील एकाही संस्थेने त्याला बोलाविले नाही. ‘फार अडवणूक करतो’ असे त्याच्याविषयी सांगण्यात येऊ लागले. सन्माननीय पदाधिकारी हो, त्या मुलाच्या अडवणुकीसाठीच शासनाने त्याला प्रमाणपत्र दिले होते. प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हेच त्या कागदाचे खरे मोल, आणि नेमके तेच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

अशीच गोष्ट आरसीसीबीची. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की क्षणार्धात पुरवठा तोडणारे हे साधन घरात बसविले जाते, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते वारंवार पडू लागले की आपण कोणाला तरी बोलावून ‘हे काढून टाका, डायरेक्ट करून द्या’ असे फर्मावतो. शिकलेला तारतंत्री कोणत्या वाटेने गळती होते आहे ते शोधू लागतो, गीझरचे एलिमेंट तपासतो, दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत का ते पाहतो, आणि त्यात दुपार जाते. न शिकलेला पाच मिनिटांत ते साधन बाजूला काढून पैसे घेऊन जातो. आपल्या दृष्टीने दुसरा हुशार ठरतो.

त्या हुशारीचा आणखी एक प्रकार मी अनेक घरांत डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो तपशीलवार सांगितल्यावाचून राहवत नाही. घरात अर्थिंगची तार आलेली नसते, किंवा आलेली असून वाटेत तुटलेली असते. कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात. बोलाविलेला मनुष्य सॉकेट उघडतो, आणि तिसऱ्या पिनेच्या भोकामागील स्क्रूपासून तारेचा एक बोटभर तुकडा घेऊन तो शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूत अडकवतो. झिणझिण्या थांबतात, गृहिणी समाधान पावते, बोर्ड बंद होतो. परंतु पुढे ज्या दिवशी मीटरपाशी वा एखाद्या सैल जोडापाशी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी यंत्रातून आलेला फेजचा दाब त्या बोटभर तारेवाटे थेट यंत्राच्या पत्र्यावर येऊन उभा राहील, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या ज्या कोणाचा हात त्या पत्र्यास लागेल, त्याला सबंध २३० व्होल्टचा आघात बसेल. असल्या गोष्टींची जाण उमेदवारास आहे का, हे पाहण्यासाठीच परवान्याची परीक्षा असते. ती परीक्षा केवळ उपचार आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी ही बोटभर तार ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत २०१९ पासून २०२२ पर्यंत दरसाल विजेच्या धक्क्याने मृत्यू पावलेल्यांची संख्या देशभरात १२,००० च्या वर नोंदलेली आहे. ते सर्व काही उघड्या माळावरच्या तारांना चिकटून मेलेले नाहीत.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्यांच्याजवळ कागद नाही असे कितीतरी कारागीर अव्वल दर्जाचे असतात. लाकडी पट्टीवरच्या वायरिंगच्या जमान्यापासून बापाच्या हाताखाली तयार झालेले, ज्यांचा जोड वीस वर्षे सैल पडत नाही असे. त्यांस मी पुरता ओळखतो. माझ्या कार्यशाळेतील काही उत्तम युक्त्या मी त्यांच्याकडूनच उचलल्या. त्यांना घरातून हाकलून लावा असे मी मुळीच सुचवीत नाही. परंतु त्यांच्या कौशल्याची कदर म्हणजे त्यांना जन्मभर दुसऱ्याच्या परवान्याआड राबवून घेणे नव्हे. पूर्वी मिळविलेल्या कौशल्यास मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्यविकासाच्या शासकीय योजनेत आहे. तारतंत्र्याची शासकीय परीक्षाही आहे. आपल्या संस्थेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अशा माणसाला चार दिवसांची रजा, फीची रक्कम आणि अर्ज भरण्यास एखाद्या लिहित्या सभासदाची मदत देणे, एवढेही आपल्याकडून होऊ नये काय? कागद नसल्यामुळे त्याला कामाचा दाम कमी मिळतो, त्याच्या कामावर ज्याने पाऊलही ठेवले नाही असा ठेकेदार सहीपुरता वाटा उचलतो, आणि अपघात झाल्यास पोलिसांच्या पंचनाम्यात नाव मात्र याचेच येते. हा अन्याय आपल्या सोयीवर उभा आहे.

शहरातल्या या व्यवहाराचे ग्रामीण रूप अधिक भीषण आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांची शेती, वडिलोपार्जित घरे गावाकडे असल्याने ते आपल्यापासून दूर नाही. गावोगाव ‘झिरो वायरमन’ या नावाने ओळखला जाणारा एक तरुण असतो. वीज कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, त्याला पगार नसतो, हातमोजे नसतात, विमा नसतो. नेमलेल्या लाइनमनकडे अनेक गावांचा पसारा. रात्री पाण्याची पाळी असताना डीपीवरचा फ्यूज उडाला की शेतकरी या पोराला उठवतात, तो मोटारसायकलच्या उजेडात डीपी गाठतो, आणि सुगीच्या दिवसांत पायलीभर धान्यावर किंवा चार पैशांवर हे काम वर्षभर निभावून नेतो. खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्राकडून रीतसर परमिट घेणे, पुरवठा बंद झाल्याची खात्री करणे, दोन्ही बाजूंनी लाइन जमिनीस जोडणे, या गोष्टी त्याला कोणी शिकविलेल्या नसतात. आणि शिकविल्या असत्या तरी परमिट मागण्याचा अधिकार त्याला नाही. वर असताना कोणी खालून पुरवठा सुरू केला, की संपले. चौकशीत तो ‘अनधिकृत इसम’ ठरतो. ज्यांच्या पिकांना त्याने पाणी दिले, त्यांच्यापैकी कोणीही त्याला बोलाविले होते असे जबाबात सांगत नाही. अशा मुलांपैकी काही आमच्याच संस्थांतून वीजतंत्री होऊन बाहेर पडलेले असतात. भरतीची वाट पाहता पाहता वय उलटत जाते, आणि हाती प्रमाणपत्र असूनही ते या कामाला लागतात. तेव्हा कागद असणे पुरे नाही. त्या कागदास साजेसे पद आणि त्या पदाचे संरक्षणही हवे. गावकीने सभेत ठराव करून रिक्त पदे भरण्याची मागणी कंपनीकडे लावून धरावी, आणि तोवर त्या पोराला खांबावर चढवू नये.

मुलींविषयीही दोन शब्द. आमच्या संस्थांत मुलींसाठी राखीव जागा आहेत, आणि वीजतंत्री व्यवसायात येणाऱ्या मुली हाताने आणि डोक्याने कोठेही उण्या नसतात. तथापि घरोघरच्या कामास त्यांना कोणी बोलावीत नाही. शिडीवर मुलगी चढलेली पाहून आपणच अस्वस्थ होतो. वास्तविक ज्या घरात दिवसभर गृहिणी एकटीच असते, तेथे परवानाधारक तारतंत्री स्त्री असणे किती सोयीचे!

संबोधनाचा मुद्दा मी फार वाढवीत नाही. परवाना मिळविलेल्या, कुटुंब असलेल्या, पन्नाशीच्या माणसाला ‘ए वायरमन’ म्हणून हाक मारणे आपल्या संस्कारांत बसत नाही. दवाखान्यातील डॉक्टरांस आपण ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो. येथे निदान नाव घेऊन ‘अहो’ म्हणावे.

आता प्रत्यक्ष विनंत्या. काम ठरविण्यापूर्वी ठेकेदाराचा, पर्यवेक्षकाचा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा, असे तिन्ही परवाने मागावेत, त्यांच्या मुदती पाहाव्यात आणि क्रमांक संस्थेच्या नोंदवहीत उतरवून घ्यावेत. परवाना दाखविण्यास सांगणे हा अपमान नव्हे. ज्याच्याजवळ तो असतो त्याला तो दाखविताना बरेच वाटते. चाचणी अहवालावर सही करणाऱ्याने आपल्या समक्ष मेगर लावावा असा आग्रह धरावा, आकडे आपण स्वतः वाचावेत, आणि त्या तासाभराचे पैसे न कुरकुरता द्यावेत. जुन्या इमारतींनी वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकामाचा विषय घेण्याआधी वीजमांडणीच्या तपासणीचा विषय घ्यावा. गणेशोत्सवाच्या मांडवाची तात्पुरती जोडणी कार्यकर्त्यांच्या उत्साहावर सोपवू नये. निविदा उघडताना सर्वांत कमी रकमेपाशी थांबण्यापूर्वी, त्या रकमेत परवानाधारक माणसाची मजुरी बसते का, हा हिशेब एकदा तरी मांडावा. बसत नसेल तर तेथे कोण येणार आहे हे उघडच आहे. आणि एखाद्याने सही नाकारली, तर त्याचे कारण लेखी मागून घेऊन ते सभासदांपुढे वाचावे.

परवाने देणाऱ्या मंडळास व विद्युत निरीक्षण खात्यासही याच ओघात एक प्रार्थना करतो, की परवान्याचा क्रमांक घातल्यावर धारकाचे नाव, छायाचित्र आणि मुदत कोणाही नागरिकास मराठीत, घरबसल्या पाहता यावी अशी तजवीज व्हावी, आणि एका पर्यवेक्षकाच्या सहीने एका दिवसात किती अहवाल निघतात यावर नजर असावी. तपासणीला वेळ लागतो, आणि दिवसाचे तास मोजके असतात. त्यामुळे हा हिशेब करण्यास फार मोठ्या यंत्रणेची गरज पडू नये.

ज्या संस्थांना परवान्यांची नोंदवही कशी ठेवावी, अहवालातील आकडे कसे वाचावेत, हे समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी आपल्या जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांस पत्र लिहावे. तेथील वीजतंत्री व्यवसायाचे निदेशक आणि विद्यार्थी एखाद्या रविवारी येऊन आपल्या मीटररूमसमोर उभे राहून ते आनंदाने समजावून देतील, अशी माझी खात्री आहे. निदान माझ्या माहितीतील निदेशकांच्या वतीने मी तसे वचन देतो.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री)